फेटाळलेल्या दुरुस्त्यांचे मोल

एखाद्या ज्येष्ठ खासदाराने संसदेत काय काम केले हे सांगायची वेळ आली, की ठरलेली मापे पुढे येतात. उपस्थिती किती टक्के होती, प्रश्न किती विचारले, किती चर्चांत भाग घेतला, खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेली विधेयके, किती मांडली. निवडणुकीच्या तोंडावर हे आकडे वर्तमानपत्रांत तक्त्यांच्या रूपाने छापले जातात आणि त्यावरून खासदारांची क्रमवारीही लागते. हे आकडे खोटे नसतात, पण कायदे करणे हे ज्या सभागृहाचे पहिले काम आहे, तेथे कायद्याच्या मजकुराशी या माणसाने कधी झुंज घेतली का, एखाद्या कलमातील एखादा शब्द बदलावा म्हणून तो उभा राहिला का, आणि त्याच्या आक्षेपाला सरकारकडून काय उत्तर मिळाले, हे त्यांतून कळत नाही. ज्येष्ठ संसदपटूचे विधिमंडळीय कार्य मोजायचे असेल तर त्याच्या मंजूर न झालेल्या दुरुस्त्यांपासून सुरुवात केली पाहिजे, असे मला वाटते. ते काम ज्या व्यवस्थेत होऊ शकते ती व्यवस्था आपण हळूहळू मोडीत काढत आहोत, ही माझी खरी चिंता आहे.

हरी विष्णू कामथ यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. आयसीएसची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंबरोबर फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले, मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर आले आणि पुढे होशंगाबादमधून लोकसभेवरही निवडून गेले. मंत्रिपद त्यांना मिळाले नाही. संविधान सभेच्या इतिवृत्ताचे कोणतेही जाडजूड पुस्तक उघडले, तर काही पाने उलटताच कामथ उभे राहिलेले दिसतात. कधी स्वल्पविरामावर, कधी एखाद्या विशेषणावर, तर कधी राज्यसत्तेच्या मुळाशी जाणाऱ्या प्रश्नावर ते बोलत असतात. त्यांच्या बहुतेक दुरुस्त्या नामंजूर झाल्या.

ऑगस्ट 1949 मध्ये आणीबाणीची कलमे सभेपुढे आली. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाल्याची राष्ट्रपतींची खात्री पटली तर त्यांनी आणीबाणी जाहीर करावी, अशी ती तरतूद होती. जगातल्या लोकशाही देशांच्या राज्यघटनांत असे काही आढळत नाही, आणि जवळचे उदाहरण शोधायचेच तर ते जर्मनीच्या वायमार राज्यघटनेत सापडते, जिच्यातील अशाच तरतुदींचा आधार घेऊन हिटलरने ती राज्यघटनाच संपवली, असे कामथ यांनी सांगितले. त्याच महिन्यात मसुद्याचे 280वे कलम आले. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा अधिकार स्थगित करता येईल, असे ते कलम म्हणत होते आणि आजच्या राज्यघटनेत ते कलम 359 म्हणून आहे. कामथांनी त्याला निकराने विरोध केला. कलम मंजूर झाले तेव्हा आजचा दिवस दुःखाचा आणि शरमेचा आहे, परमेश्वरच आता भारतीय जनतेला तारो, अशा आशयाचे शब्द त्यांनी सभागृहात उच्चारले. ते 20 ऑगस्ट 1949 रोजीच्या इतिवृत्तात आहेत. त्या दिवशी सभागृहातील अनेकांना हे शब्द अतिरेकी वाटले असतील. देश फाळणीच्या जखमांतून सावरत होता, काश्मीरमधले युद्ध नुकतेच थांबले होते आणि हैदराबादचा प्रश्न सुटून वर्षही झाले नव्हते. मजबूत केंद्र हवे ही त्या काळाची निकड होती, आणि ती मांडणारी माणसे हुकूमशाहीची भोक्ती मुळीच नव्हती.

पुढे 25 जून 1975 च्या रात्री अंतर्गत अशांततेच्याच कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. दोन दिवसांनी कलम 359 खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद झाले. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी दाखवली होती, पण 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे राहिले. या सगळ्याची दुरुस्ती व्हायला 1978 ची 44वी घटनादुरुस्ती यावी लागली. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द जाऊन त्या जागी 'सशस्त्र बंड' आले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही असे ठरले, आणि कलम 20 व 21 खालचे हक्क कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत असे कलम 359 मध्येच लिहिले गेले. ही दुरुस्ती मंजूर करणाऱ्या लोकसभेत 1977 साली निवडून आलेले कामथ सदस्य म्हणून बसलेले होते.

ही दुरुस्ती कामथांमुळे झाली असे मी म्हणणार नाही. ती आणीबाणीच्या अनुभवातून झाली. पण दुरुस्ती करताना नेमके कुठे बोट ठेवायचे हे शोधण्यासाठी देशाला अंधारात चाचपडावे लागले नाही, कारण धोक्याची जागा एकोणतीस वर्षांपूर्वी सभागृहात दाखवली गेली होती आणि ती छापील स्वरूपात उपलब्ध होती.

कामथांची प्रत्येक दुरुस्ती योग्य होती असेही नाही. उद्देशिकेची सुरुवात परमेश्वराच्या नावाने व्हावी, ही त्यांची सूचना 17 ऑक्टोबर 1949 रोजी चर्चेला आली. श्रद्धेचा प्रश्न मताला टाकू नये अशी अनेक सदस्यांची विनंती होती, तरी कामथ हटून बसले, मतविभागणी झाली आणि 41 विरुद्ध 68 मतांनी सूचना पडली. सभागृहाने त्या दिवशी योग्य निर्णय घेतला असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यघटना 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते यात या देशाच्या प्रत्येक नागरिकाला, आस्तिकाला आणि नास्तिकालाही, सारखी जागा मिळाली. तरी ही मतविभागणी झाली हे चांगलेच झाले. उद्देशिकेत ईश्वराचे नाव नाही ते विसरून राहिले म्हणून नाही, विचारपूर्वक मतदान करून ते बाहेर ठेवले गेले, ही गोष्ट कामथांच्या हट्टामुळे कायमची नोंदली गेली. चुकीच्या दुरुस्तीनेही कायद्याचा अर्थ स्वच्छ होऊ शकतो, तो असा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत केलेले समारोपाचे भाषण आपल्याकडे बरेच उद्धृत होते. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतल्या विसंगतीबद्दलचे, विभूतिपूजेबद्दलचे त्यांचे इशारे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच भाषणातील आणखी एक भाग मात्र सहसा वगळला जातो. मसुद्याला 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हे सांगून बाबासाहेबांनी आधी काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला श्रेय दिले. ती शिस्त नसती तर सभेत गोंधळ माजला असता आणि मसुदा समितीचे काम फार अवघड झाले असते, असे ते म्हणाले. लगेच पुढे त्यांनी हेही सांगितले की सर्वांनीच ही शिस्त पाळली असती तर सभा होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवाने काही बंडखोर होते. त्यांनी जी नावे घेतली त्यांत पहिले कामथांचे आणि दुसरे डॉ. पंजाबराव देशमुखांचे होते. या मंडळींच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. ते नसते तर राज्यघटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची जी संधी आपल्याला मिळाली ती मिळाली नसती, आणि राज्यघटना यांत्रिकपणे मंजूर करण्यापेक्षा ते उलगडणे अधिक महत्त्वाचे होते, असे त्यांचे म्हणणे होते.

ज्याच्या मसुद्यावर शेकडो हरकती घेतल्या गेल्या त्या माणसाचे हे शब्द आहेत. विधेयक मांडणाऱ्याला बोलते करणे, त्याच्याकडून कारणे काढून घेणे आणि ती नोंदीवर आणणे, हे विरोधात बसलेल्या अनुभवी सदस्याचे सर्वांत मोठे काम आहे, हे त्यांतून स्पष्ट होते. बहुमत कुणाचे आहे ते सर्वांना माहीत असते, त्यामुळे दुरुस्ती पडणार हेही ठाऊक असते. पण दुरुस्ती मांडली गेली की मंत्र्याला ती का नको हे सांगावे लागते.

या सांगण्याला कायद्यातही किंमत आहे. प्राप्तिकर कायद्यात 1964 साली एक तरतूद आली. मालमत्तेचा सौदा बाजारभावापेक्षा ठरावीक प्रमाणात कमी किमतीला झाला, तर बाजारभाव हीच विक्रीची किंमत धरून कर आकारावा, असा तिचा शब्दशः अर्थ होत होता. खऱ्याखुऱ्या सौद्यांवर या तरतुदीचा रोख नाही, कागदावर कमी रक्कम दाखवून उरलेली वरच्या वर घेणाऱ्यांसाठी ती आहे, असा खुलासा तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी लोकसभेत केला होता. पुढे 1981 साली के. पी. वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो खुलासा ग्राह्य धरला आणि प्रामाणिक विक्रेत्याची त्या करातून सुटका झाली. सतरा वर्षांपूर्वीची काही वाक्ये एका नागरिकाच्या कामी आली. सभागृहात कुणी शंकाच काढली नाही, तर अशी वाक्ये उच्चारली जात नाहीत आणि मग न्यायालयापुढे फक्त कोरडा मजकूर उरतो. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी 15 ऑगस्ट 2021 रोजी हीच खंत बोलून दाखवली होती. पूर्वीच्या चर्चांमुळे कायद्यांचा हेतू न्यायालयाला कळत असे, आता पुरेशा चर्चेअभावी कायद्यांत संदिग्धता राहते, खटले वाढतात आणि लोकांची गैरसोय होते, असे त्यांचे म्हणणे होते.

कधी कधी फेटाळलेला आक्षेप काही महिन्यांतच परत येतो. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार' या शब्दांऐवजी उचित कायदेशीर प्रक्रियेची, म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हे न्यायालयाला तपासता येईल अशी, हमी असावी, असा आग्रह संविधान सभेत अनेकांनी धरला. बाबासाहेबांनी डिसेंबर 1948 मध्ये दोन्ही बाजूंची बलस्थाने आणि धोके सांगून निर्णय सभागृहावर सोपवला, आणि आग्रह नामंजूर झाला. पण असमाधान इतके तीव्र होते की सप्टेंबर 1949 मध्ये त्यांनी स्वतःच अटक झालेल्या व्यक्तीला संरक्षण देणारे नवे कलम आणले आणि आधी जे झाले त्याची ही भरपाई आहे असे मोकळेपणाने सांगितले. आजचे कलम 22 ते हेच. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची सक्ती राज्यघटनेत आली, ती हरलेल्या बाजूच्या नेटामुळे.

संविधान सभा ही अपवादात्मक सभा होती, रोजच्या संसदेला तो निकष लावू नये, असे कुणी म्हणेल. म्हणून बॅरिस्टर नाथ पै यांच्याकडे वळतो. राजापूर मतदारसंघातून ते 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा निवडून आले. वक्तृत्वासाठी त्यांचे नाव कोकणात आजही आदराने घेतले जाते, पण त्यांच्या विधिमंडळीय कार्याचा कळस म्हणजे एक खासगी विधेयक होते. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ प्रकरणात सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले की संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. काही आठवड्यांतच नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. राज्यघटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, कारण अंतिम सत्ता लोकांची आणि त्यांच्या प्रतिनिधींची आहे, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, शुक्रवारी खासगी कामकाजासाठी राखून ठेवलेल्या वेळेत पुन्हा पुन्हा चर्चेला आले, त्याला राजाजींच्या स्वतंत्र पक्षासारख्या पक्षांकडून तात्त्विक विरोधही झाला. ते मंजूर झालेच नाही. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते व्यपगत झाले, आणि 18 जानेवारी 1971 रोजी नाथ पै गेले.

त्याच वर्षी नव्या लोकसभेत कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी 24वी घटनादुरुस्ती आणली. तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. न्यायालयाने 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती प्रकरणात ती वैध ठरवली, पण संसदेच्या अधिकाराला राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. माझे स्वतःचे मत नाथ पैंच्या बाजूने पूर्णपणे नाही. 1976 ची 42वी घटनादुरुस्ती ज्या तऱ्हेने झाली, विरोधी नेते तुरुंगात असताना जी व्याप्ती तिला देण्यात आली, ती पाहिल्यावर अमर्याद दुरुस्ती-अधिकाराबद्दल त्यांच्या विरोधकांना वाटणारी भीती खरी होती असेच म्हणावे लागते. तरी विरोधी बाकावरचा एक सदस्य देशातल्या सर्वांत अवघड घटनात्मक प्रश्नाला तीन वर्षे सभागृहाच्या अजेंड्यावर ठेवू शकला, त्यावर समिती बसली आणि पक्षांना आपली तत्त्वे शब्दांत मांडावी लागली, ही साधी कामगिरी नव्हे. पुढे न्यायालयात जो वाद झाला त्याचा बराच भाग संसदेत आधी झालेला होता. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे 1970 चे आहे, या आकड्यांवरून खासगी विधेयके निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी नाथ पैंचे हे विधेयक जरूर पाहावे.

आता आजच्या सभागृहाकडे पाहू. विधेयकावरच्या सर्वसाधारण चर्चेनंतर कलमवार विचार सुरू होतो. पीठासीन अधिकारी वाचतात, 'प्रश्न असा आहे की खंड 2 ते 40 विधेयकाचा भाग व्हावेत.' होय म्हणणारे होय म्हणतात, नाही म्हणणारे नाही म्हणतात, आणि एकोणचाळीस खंड काही सेकंदांत कायद्याचा भाग होतात. मग खंड 1, अधिनियमन सूत्र, विधेयकाचे नाव आणि शेवटी विधेयक मंजूर करण्याचा प्रस्ताव. दुरुस्तीची सूचना निदान आदल्या दिवशी द्यावी लागते. शंभर-दोनशे पानांचे विधेयक हातात पडल्यापासून मतदानापर्यंत जर तीन-चार दिवसच मिळत असतील, तर सर्वांत अभ्यासू सदस्यालाही प्रत्येक खंडाला दुरुस्ती लिहिणे शक्य नाही. संसदेच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार 15व्या लोकसभेच्या काळात (2009 ते 2014) 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. 17व्या लोकसभेत (2019 ते 2024) हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. विभागवार स्थायी समित्या 1993 पासून आहेत आणि तेथे पक्षीय अभिनिवेश सोडून खासदार खंडाखंडावर बोलतात, साक्षी घेतात, भिन्नमत पत्रिका जोडतात. जेथे कामथ घडू शकतात अशी ती जागा आज रिकामी राहते आहे.

राज्यसभेत 20 सप्टेंबर 2020 रोजी दोन कृषी विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली, मतविभागणीची मागणी होऊनही ती झाली नाही. वर्षभराने 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झाले. कायदे का मागे घेतले, या प्रश्नाचे सरकारचे सविस्तर उत्तर इतिवृत्तात सापडत नाही. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून 146 सदस्य निलंबित झालेले असताना भारतीय दंडसंहितेची जागा घेणारा कायदा आणि त्याच्या बरोबरीचे दोन फौजदारी कायदे मंजूर झाले. ती विधेयके स्थायी समितीकडे गेली होती हे खरे, पण जे कायदे देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज वापरले जाणार, त्यांच्या एकेका खंडावर पूर्ण सभागृहात वाद व्हायलाच हवा होता. हे एकाच पक्षाच्या राजवटीत घडते असे मात्र नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये आंध्र प्रदेशच्या विभाजनाचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले तेव्हा कामकाजाचे थेट प्रक्षेपण बंद होते.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. लोकांनी बहुमत दिले आहे, त्या बहुमताला कार्यक्रम राबवण्याचा हक्क आहे, आणि विरोधक हौदात उतरून दिवसेंदिवस कामकाज बंद पाडत असतील तर चर्चेची वाट किती पाहायची, हा प्रश्न गैर नाही. 15व्या लोकसभेत विधेयके समित्यांकडे जात होती, पण सभागृहाचे कितीतरी तास गोंधळात वाया गेले, आणि तेव्हाचे विरोधक आज सत्तेत आहेत. फलक घेऊन हौदात उतरणारा सदस्य आणि दुरुस्ती लिहून ती मताला टाकण्याचा आग्रह धरणारा सदस्य यांत मी फार मोठा फरक करतो. पहिल्यामुळे मंत्र्याची उत्तर देण्यातून सुटका होते. कामथ आणि नाथ पै दोघेही कडवे विरोधक होते, पण त्यांचे हत्यार कागद होते. विरोधकांनी हे हत्यार स्वतःहून खाली ठेवले, हा दोष त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे.

सत्ताधारी बाकांवरच्या सदस्याची अडचण वेगळी आहे. 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान केले तर सदस्यत्व जाण्याची तरतूद झाली. आयाराम-गयारामांना आळा घालण्याचा तिचा हेतू रास्त होता. परंतु तिचा पक्षादेश विश्वासदर्शक ठरावाला लागतो तसाच साध्या विधेयकातल्या सतराव्या खंडालाही लागतो. ज्या सदस्याची तीस वर्षे सहकारात किंवा शेतीत गेली आहेत, त्याला सहकाराच्या विधेयकातली चूक दिसली तरी तो तिच्याविरुद्ध मत देऊ शकत नाही. बाबासाहेबांनी ज्यांना कौतुकाने बंडखोर म्हटले ते आजच्या नियमांत अपात्र ठरले असते. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवले होते की अपात्रतेची शिक्षा विश्वास-अविश्वास ठराव, अर्थविधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्ताव यांपुरती ठेवावी. ही शिफारस स्वीकारली तर सरकार पडण्याची भीती राहत नाही आणि ज्येष्ठ सदस्यांना आपला अनुभव कायद्याच्या मजकुरात उतरवण्याची मोकळीक मिळते.

तेवढ्यावर थांबू नये. अर्थविधेयके आणि खरोखर तातडीची विधेयके वगळता प्रत्येक विधेयक समितीकडे गेलेच पाहिजे, आणि तातडी कोणती हे मंत्र्याने सभागृहात लेखी सांगितले पाहिजे. मांडलेल्या प्रत्येक दुरुस्तीला मंत्र्याने नकाराचे कारण द्यावे, वेळ अपुरा असेल तर ते लेखी स्वरूपात पटलावर ठेवावे, म्हणजे ते इतिवृत्तात जाईल. एका सदस्यानेही मागणी केली तर मतविभागणी व्हावी. यंत्राचे बटण दाबायला काही मिनिटे लागतात आणि कोण कोणत्या बाजूला होते हे मतदारांना कळते. खासदारांची क्रमवारी लावणाऱ्यांनीही आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवावा. या सदस्याने कोणत्या विधेयकाच्या कोणत्या खंडाला काय दुरुस्ती सुचवली आणि तिला काय उत्तर मिळाले, हे त्यात लिहावे. पुढच्या निवडणुकीत प्रचाराला आलेल्या उमेदवाराला मतदारही हा प्रश्न विचारू शकतात, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्यात बदल करावा लागत नाही.